उन्हाळ्यात उल्हासला पाणी येतं कुठून?

मे महिन्यात कर्जत लोकलने जाताना वांगणीच्या पुढे-मागे बघा. डोंगर भाजलेले, शेतं भेगाळलेली, पऱ्हे कोरडे ठाक. उल्हास मात्र वाहतेय. कोकणातल्या नदीला हे शोभत नाही खरं तर.

सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. घाटमाथा हे त्याचं आढं, पण छप्पर एकाच बाजूला लांब. पूर्वेकडचा उतार सावकाश, पश्चिमेला थेट कडा. म्हणून भीमाशंकरला उगम पावलेली भीमा जवळचा अरबी समुद्र सोडून 861 किलोमीटर पूर्वेला जाते आणि कृष्णेला मिळते. राजमाचीकडच्या दऱ्यांतून निघालेली उल्हास 122 किलोमीटरांत खाडी गाठते. कड्यावरून आलेला पाऊस धो-धो येतो नि तसाच निघून जातो. बेसाल्टच्या पोटात मुरतं ते थोडंच. दिवाळीनंतर अशा नद्यांचे डोह तेवढे उरतात.

मग हे पाणी? ते घाटावरच्या मावळातलं. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी आंध्रा नदीवर ठोकरवाडीला धरण बांधलं, घाटाच्या पोटातून बोगदा काढला आणि पाणी कड्याखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. साल 1922. जनित्रं फिरवून झाली की ते पाणी पेज नदीत आणि पेजेतून उल्हासमध्ये येतं. आंध्रा ही मुळात इंद्रायणीची उपनदी. म्हणजे देहू-आळंदीवरून पंढरपूरला जायचं पाणी वाट बदलून बदलापूर-कल्याणकडे वळलं. नदीकाठच्या शहरांचे पंप आज त्यावर चालतात, पण बोगदा काढताना हिशेब विजेचा होता, पिण्याच्या पाण्याचा नव्हे! उल्हासचं नाव घेतलेलं उल्हासनगर तर 1949 साली, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी वसलं. वीजघराला तोवर 27 वर्षं झाली होती.

पावसाळ्यात हीच नदी ओळख देत नाही. जुलै 2019 मध्ये तिच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढलं आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं.

आता ठाणं. मुंब्र्याच्या खाली उल्हास फुटते. मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीला जातो, दुसरी बारीक वाट कळव्याकडे ठाण्याच्या खाडीत शिरते. या दोन्ही पाण्यांमुळेच साष्टी, म्हणजे मुंबईची उपनगरं नि ठाणं ज्यावर वसलंय तो भाग, हे बेट. ठाण्याच्या खाडीला मात्र नदी म्हणू नये. तो जमिनीत घुसलेला समुद्र आहे, पावसाळा सोडला तर तिला गोडं पाणी फारसं मिळत नाही. कळव्याच्या पुलावर भरतीच्या वेळी पाच मिनिटं थांबलात तर दिसेल: पाण्यावरचा कचरा समुद्राकडून उलटा मुंब्र्याकडे सरकत असतो. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, जोरात; भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, रेंगाळत. ओहोटी लागली की तोच कचरा परत, आणि काठच्या चिखलात निवट्या माशांच्या उड्या सुरू.