संकल्पना-ओळख (ज्ञानप्रणालींमधील)

एकच वस्तू, जागा किंवा कल्पना निरनिराळ्या माहितीसंचांत, वर्गीकरणांत आणि शब्दसंग्रहांत नोंदलेली असते. त्या नोंदी खरोखर एकाच गोष्टीच्या आहेत का, हे ठरवून संगणकाला वाचता येईल अशा रीतीने नोंदवणे म्हणजे संकल्पना-ओळख. तिचा पाया म्हणजे नाव आणि ओळखांक (एकाच गोष्टीला दिलेला, दुसऱ्या कशालाही न दिलेला संकेत) यांची फारकत. नाव वाचणाऱ्यासाठी असते, जोडणी ओळखांकाने होते.

‘सोलापूर’ या एका नावाखाली निदान सहा गोष्टी येतात: शहर, महानगरपालिका, ११ तालुक्यांचा जिल्हा, लोकसभा मतदारसंघ, मध्य रेल्वेचा विभाग आणि ‘एसयूआर’ संकेताचे स्थानक. शिवाय उत्तर व दक्षिण सोलापूर हे तालुके आहेतच. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८, तर जिल्ह्याची ४३,१७,७५६ होती. केवळ नाव पाहून या दोन नोंदी जोडल्या, तर एकाच ‘सोलापूर’ला दोन लोकसंख्या चिकटतात आणि दरडोई काढलेला प्रत्येक आकडा बिघडतो.

सरकारी संकेतांक असला म्हणजे काम भागले, असेही नाही. २००१च्या जनगणनेत जिल्ह्याचा संकेतांक ३० होता, २०११मध्ये तो ५२६ झाला. म्हणून जनगणनेचा संकेतांक वर्षाशिवाय लिहू नये. उलट शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३मध्ये धाराशिव झाले, तरी जिल्हा तोच. तिथे ओळखांक कायम ठेवून जुने नाव पर्यायी नाव म्हणून जपायचे असते. १८८४च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला ‘शोलापूर’ जिल्हा मात्र आजचा जिल्हा नव्हे. अक्कलकोट तेव्हा स्वतंत्र संस्थान होते आणि मंगळवेढे सांगली संस्थानात होते. त्या काळच्या पीकपाण्याचे आकडे आजच्या जिल्ह्याच्या नोंदीला जोडणे चुकीचे ठरते. त्यासाठी कालमर्यादा दिलेली वेगळी नोंद करावी लागते.

ओळखांकांच्या जोडणीसाठी आयएसओ १३२५० हे ‘टॉपिक मॅप्स’चे (विषय व त्यांच्यातले संबंध मांडणाऱ्या नकाशांचे) मानक, ‘आउल’ (संकल्पना व त्यांचे संबंध लिहिण्याची भाषा, २००४) आणि ‘स्कॉस’ (शब्दसंग्रह लिहिण्याचा आराखडा, २००९) या वेबची मानके ठरवणाऱ्या संघाच्या (डब्ल्यू३सी) शिफारशी व २०१२पासूनचा विकिडेटा हा खुला माहितीसंग्रह ही मुख्य साधने आहेत. ‘आउल’मधील ‘सेमॲज’ (दोन्ही नोंदी एकाच गोष्टीच्या) हा संबंध सर्वांत कडक: एका नोंदीचे सारे गुणधर्म दुसरीला लागू होतात आणि साखळीने पुढे पसरतात. एक चुकीची कडी शेकडो नोंदी एकत्र करू शकते. म्हणून शब्दसंग्रह जोडताना ‘स्कॉस’चे सौम्य संबंध वापरणे शहाणपणाचे: तंतोतंत, जवळचा, व्यापक, संकुचित, संबंधित. यांतला ‘जवळचा’ संबंध साखळीने पुढे जात नाही, हीच त्याची उपयुक्तता.

ज्वारीच्या उदाहरणात हा फरक नेमका दिसतो. ‘सॉर्घम बायकलर’ ही वनस्पतीची जाती आहे, सीमाशुल्कासाठीच्या मालाच्या वर्गीकरणातले १००७ हे शीर्षक विकाऊ धान्याचे, ‘मालदांडी’ (एम ३५-१) हे मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले वाण, आणि ‘मंगळवेढा ज्वारी’ हे भौगोलिक मानांकन मिळालेले ठरावीक भागातले उत्पादन. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टींत तंतोतंत संबंध नाही. मालदांडीकडून जातीकडे जाणारा संबंध व्यापक. जाती आणि धान्य यांच्यात केवळ ‘संबंधित’ एवढेच म्हणता येते. ‘जोंधळा’ हे मात्र ज्वारीचेच दुसरे नाव, त्याला नवा ओळखांक देऊ नये. शास्त्रीय नावावरही डोळे झाकून विसंबता येत नाही; जुन्या ग्रंथांत हीच जाती ‘सॉर्घम व्हल्गेर’ म्हणून आढळते.

प्रत्यक्ष जुळणीत आधी दोन्हीकडच्या नोंदींचा प्रकार ठरवावा: जागा, संस्था, वाण की माल. मग वरची पातळी (तालुका, जिल्हा, राज्य) ताडावी. त्यानंतर नावाशी संबंध नसलेला एखादा पुरावा शोधावा. सोलापूरसाठी क्षेत्रफळ पुरते: शहराचे सुमारे १८० चौ. किमी, जिल्ह्याचे सुमारे १४,९०० चौ. किमी. संबंध त्यानंतरच निवडावा आणि त्यासोबत तारीख, दोन्ही संचांच्या आवृत्त्या व पुरावा नोंदवावा. शेवटी उलट तपासणी करावी: जुळणीच्या यादीत डावीकडच्या संचातल्या दोन नोंदी उजवीकडच्या संचातल्या एकाच नोंदीशी ‘तंतोतंत’ जुळल्या असतील, तर डावीकडे एकाच गोष्टीची दुहेरी नोंद आहे किंवा एक जुळणी चुकली आहे.

किरकोळ वाटणाऱ्या चुकाच जास्त नडतात. एक्सेलमध्ये संकेतांकाचा स्तंभ ‘मजकूर’ प्रकारचा ठेवला नाही, तर इतर ताज्या फळांचे सीमाशुल्काचे ०८१० हे शीर्षक ८१० होते. ‘सोलापूर’ व ‘सोलापुर’ यंत्राला वेगळे शब्द वाटतात. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण तुलना फसते. त्यासाठी जुळणीआधी सगळा मजकूर युनिकोडच्या ‘एनएफसी’ या, असे अक्षर एकाच प्रकारे साठवणाऱ्या रूपात आणावा. वेबपत्ता पानाचा आहे की पानात वर्णिलेल्या गोष्टीचा, हेही स्पष्ट हवे. सिद्धेश्वर मंदिराची माहिती देणारे पान गेल्या वर्षी तयार झाले असेल, म्हणून मंदिर गेल्या वर्षीचे ठरत नाही.

रद्द झालेला ओळखांक दुसऱ्या गोष्टीला कधीही देऊ नये. दोन नोंदी एक केल्या, तर जुना अंक नव्याकडे वळवून ठेवावा. एका नोंदीच्या दोन केल्या, तर दोघींना नवे अंक देऊन जुना बंद करावा आणि त्याच्यापाशी दोन्ही वारसांचे अंक लिहावेत.