हॅम्लिन, कॅथरीन

(२४ जानेवारी १९२४ – १८ मार्च २०२०). ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या आणि आयुष्याची साठ वर्षे इथिओपियात काढलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ व शल्यविशारद. अडलेल्या बाळंतपणातून उद्भवणाऱ्या फिस्टुलावरील (मूत्राशय व योनिमार्ग यांच्यात पडणाऱ्या भोकावरील) शस्त्रक्रिया आणि त्यासाठी आदिस अबाबा येथे उभारलेले रुग्णालय यांमुळे त्यांचे नाव जगभर झाले. डॉक्टरांचे स्थलांतर बहुधा गरीब देशांकडून श्रीमंत देशांकडे होते; हॅम्लिन यांचे उलट दिशेने झाले, आणि तेही मुळात तीन वर्षांच्या करारापुरतेच ठरलेले होते.

त्यांचे माहेरचे नाव एलिनॉर कॅथरीन निकल्सन. सिडनी विद्यापीठातून १९४६ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर त्या शहरातील क्राउन स्ट्रीट महिला रुग्णालयात काम करत असताना तेथील वैद्यकीय अधीक्षक, मूळचे न्यूझीलंडचे डॉ. रेजिनल्ड हॅम्लिन यांच्याशी त्यांची ओळख झाली व १९५० मध्ये दोघांनी विवाह केला. पुढे १९५८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात इथिओपियाच्या सरकारची जाहिरात त्यांच्या पाहण्यात आली. आदिस अबाबातील प्रिन्सेस त्सेहाय रुग्णालयात सुईणींची शाळा काढण्यासाठी प्रसूतितज्ज्ञ हवे होते. ज्या राजकन्येचे नाव या रुग्णालयाला दिले होते, ती सम्राट हैले सेलासी यांची कन्या परिचारिकेचे शिक्षण घेतलेली होती आणि १९४२ मध्ये बाळंतपणातच दगावली होती. हॅम्लिन दांपत्य लहान मुलाला घेऊन १९५९ मध्ये तेथे दाखल झाले. शाळा निघाली खरी, पण मोजक्याच सुईणी तयार झाल्यावर सरकारने ती पैशाअभावी बंद केली.

तोपर्यंत त्यांच्यासमोर वेगळेच काम येऊन ठाकले होते. बाळ अडल्यावर वेळेत सिझेरियन झाले नाही, तर कळा कित्येक दिवस चालतात. या काळात बाळाचे डोके आईच्या कटीच्या हाडांवर मधल्या मऊ ऊती इतक्या दाबून धरते, की तेथील रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग मरतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. त्यामुळे मूत्राशय व योनिमार्ग यांच्यात, कधी गुदाशयाकडेही, भोक पडते. हाच फिस्टुला. बाळ बहुतेक वेळा मेलेलेच जन्मते आणि बाईची लघवी त्यानंतर रात्रंदिवस झिरपत राहते. अंगाला येणाऱ्या वासामुळे अनेकींना नवरा टाकतो आणि गावही दूर ठेवते. कुणी महिनोन्महिने अंग मुडपून पडून राहते, तेव्हा गुडघे आखडतात. मज्जातंतू दबल्यामुळे पाऊल लुळे पडते ते निराळेच.

हॅम्लिन पतिपत्नींनी असा रुग्ण पूर्वी कधी पाहिलेला नव्हता, यात नवल नाही. अडलेली बाळंतीण वेळेवर शस्त्रक्रियागृहात पोहोचू लागली तेव्हा श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. न्यूयॉर्कमध्ये १८५५ साली सुरू झालेले फिस्टुलाचे खास रुग्णालयही पुढे काळाआड गेले. तेव्हा दोघे जुनी पुस्तके व आकृत्या अभ्यासून आणि इजिप्तचे ख्यातनाम शल्यविशारद नगीब महफूज यांचे मार्गदर्शन घेऊन हे तंत्र शिकले. पहिल्या वर्षी त्यांनी ३० स्त्रियांवर उपचार केले. ही बातमी तोंडोतोंडी पसरली आणि डोंगराळ मुलखातून, अनेकदा कित्येक दिवस पायी चालत, बाया येऊ लागल्या.

शस्त्रक्रिया योनिमार्गातून होते. जागा अरुंद, ऊती व्रणामुळे कडक झालेल्या. मूत्राशयाची भिंत आजूबाजूच्या भागापासून अलगद मोकळी करून घेणे हाच तिचा कठीण भाग असतो, कारण कडा ताणून टाके घातले तर ते हमखास उसवतात. भोक शिवून झाल्यावर मूत्राशयात निळा रंग भरून तो कुठे पाझरतो का हे पाहतात आणि नंतर सुमारे दोन आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर नेणारी नळी, ठेवतात. ते दिवस नळी तुंबू न देणाऱ्या परिचारिकेचे असतात, आणि शल्यविशारदाच्या हाताइतकेच यश तिच्यावर अवलंबून असते. हॅम्लिन यांच्या रुग्णालयात नव्वद टक्क्यांहून अधिक फिस्टुला बंद होत असत.

फिस्टुलासाठीचे त्यांचे स्वतंत्र रुग्णालय १९७४ मध्ये उभे राहिले. त्याच वर्षी सम्राट पदच्युत होऊन लष्करी राजवट आली, तरी रुग्णालय चालू राहिले. उपचार मोफत होते आणि बरी झालेली बाई घरी निघताना तिला नवा पोशाख दिला जाई. बऱ्या झालेल्या अनेक जणी तेथेच मदतनीस म्हणून राहिल्या. त्यांच्यातील मामितू गाशे यांची हकिगत विलक्षण आहे. निरक्षर असलेल्या मामितू रुग्ण म्हणून आल्या, बिछाने घालू लागल्या, मग शस्त्रक्रियेच्या वेळी हत्यारे हातात देऊ लागल्या आणि शेवटी स्वतः शस्त्रक्रिया करून पदवीधर डॉक्टरांना त्या शिकवू लागल्या. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने १९८९ मध्ये हॅम्लिन दांपत्याबरोबर त्यांनाही सुवर्णपदक दिले.

रेजिनल्ड १९९३ मध्ये निवर्तले. त्यानंतर कॅथरीन मायदेशी परततील अशी अटकळ होती. प्रत्यक्षात कामाचा मोठा विस्तार याच काळात झाला. बाहिर दार, मेकेले, यिर्गालेम, हरार व मेतू येथे शाखा-रुग्णालये निघाली आणि ज्यांची इजा पूर्णपणे भरून येणारी नव्हती अशा स्त्रियांसाठी ‘देस्ता मेंदर’, म्हणजे आनंदाचे गाव, ही वसाहत वसली. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ‘कंपॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा सन्मान, २००९ मध्ये राइट लाइव्हलीहुड पुरस्कार आणि २०१२ मध्ये इथिओपियाचे मानद नागरिकत्व त्यांना मिळाले.

मात्र भोके शिवत बसण्याने आजार संपत नाही, गावात बाळंतपणाच्या वेळी जाणती सुईण असेल तर तो होतच नाही, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. हॅम्लिन सुईण महाविद्यालय २००७ मध्ये सुरू झाले. ज्या कामासाठी त्या १९५९ मध्ये आल्या होत्या, ते असे ४८ वर्षांनी पुन्हा हाती आले. ग्रामीण भागांतून निवडलेल्या मुलींनी चार वर्षे शिकून आपापल्या प्रदेशात परतायचे आणि कळा लांबल्या की बाईला वेळीच रुग्णालयात धाडायचे, अशी योजना होती. कॅथरीन वयाच्या नव्वदाव्या वर्षीही अधूनमधून शस्त्रक्रिया करत. रुग्णालयाच्या आवारातील मातीच्या भिंतींच्या घरात त्यांचे अखेरपर्यंत वास्तव्य होते. आदिस अबाबा येथेच त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या संस्थेत ६०,०००हून अधिक स्त्रियांवर उपचार झाले होते.