किडे पाण्यात आणू नका, स्पिरिटमध्ये आणा
ओढ्या-नदीचे नमुने तपासायला देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दगडाखालचे किडे बघून पाण्याची प्रत सांगता येते, हे आता तुम्हाला नव्याने सांगायला नको. कॉलेजच्या प्रकल्पाची मुलं, शाळांचे सर, गावातल्या पाणलोटाचं काम बघणारी मंडळी, शेजारच्या कारखान्यावर संशय असलेले शेतकरी, सगळे आमच्याकडे येतात. आणि दहातले सात जण एकच चूक करून येतात. हे पत्रक तेवढ्यासाठी छापलं आहे.

चूक अशी. ओढ्यावर दोन तास राबून किडे गोळा करायचे, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओढ्याचंच पाणी भरून त्यात सोडायचे, झाकण घट्ट लावायचं आणि एसटीने किंवा मोटारसायकलच्या डिकीतून सोलापूरला आणायचे. वर कौतुकाने सांगायचं, "सर, जिवंत आणलंय की!" काही जण शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीत आणतात. बरणी धुतलेली असते, पण तेलाचा तवंग जात नाही.

बाटलीत काय होतं बघा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ४० अंशांना साडेसहाच्या आसपासच. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारीही बंद डिकीतलं पाणी हाताला चटका देतं. त्यात वाहतं पाणी नाही आणि गाळही सोबत आलेला. मेफ्लाय नावाच्या उडत्या किड्याची पाण्यात वाढणारी पिल्लं सगळ्यांत आधी मरतात. त्यांचे पोटाच्या कडेचे कल्ले पिसासारखे नाजूक असतात, पटकन गळून पडतात. त्यांचं कुजणं उरलासुरला ऑक्सिजन खातं, मग जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्यांचा नंबर लागतो. लाल अळीला मात्र काही होत नाही. तिच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, तिला थोडा ऑक्सिजनही पुरतो.

म्हणजे तुमचा ओढा ठीक होता, घाण झाली ती बाटली. आणि आम्ही अहवाल लिहिणार तो बाटलीचा.

हिशोबाने सांगतो. ब्रिटनमध्ये ठरलेल्या आणि पुढे जगभर वापरल्या गेलेल्या गुणपद्धतीत किड्यांच्या प्रत्येक कुळाला, म्हणजे एकमेकांच्या नात्यातल्या प्रकारांच्या गटाला, १ ते १० गुण असतात; स्वच्छ पाणीच लागणाऱ्याला जास्त, घाणीत तगणाऱ्याला कमी. दगडाला चिकटून बसणाऱ्या चपट्या मेफ्लायला १०, जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लायला ५, लाल अळीला २, गाळातल्या बारीक गांडुळांना १. एका कुळाचे हजार किडे आले तरी गुण एकदाच. चारही कुळं सापडली तर बेरीज १८, सरासरी साडेचार. मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय बाटलीत कुजून ओळखू येईनाशी झाली की उरले २ आणि १, सरासरी दीड. ओढा तोच, माणूस तोच, फरक फक्त बरणीचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची आपल्या नद्यांसाठीची पद्धतही कुळांवरच चालते, तिथेही हीच गत.

दुसरा घोळ चतुराच्या पिल्लाचा. सीना नदीवरून आलेल्या एका दोन लिटरच्या बाटलीत आम्हाला एक गलेलठ्ठ चतुराचं पिल्लू, चार-पाच लाल अळ्या आणि तळाशी सुटे पाय मिळाले. बाकीची मंडळी वाटेत त्याच्या पोटात गेली होती. मुलांनी वहीत मात्र अकरा प्रकार लिहून ठेवले होते. ती वही आम्ही खोटी मानली नाही, पण वहीवरून गुण देता येत नाहीत.

तर करायचं काय? किडे ओढ्याच्या काठावरच स्पिरिटमध्ये टाका. ७० ते ८० टक्के अल्कोहोल हवं. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालतं, अगदीच अडलं तर पातळ सॅनिटायझर. रंगाच्या दुकानातलं थिनर नको. फॉर्मेलिन तर अजिबात नको, त्याच्या वाफेने आमचे डोळे चुरचुरतात. बाटली निम्म्यापेक्षा जास्त किड्यांनी भरू नका. त्यांच्या अंगातल्या पाण्याने स्पिरिट पातळ होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा बदला. स्पिरिटमध्ये रंग उडतो, तेव्हा टाकण्याआधी पांढऱ्या ताटलीत पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा.

चिठ्ठी बाटलीच्या आत, आणि शिसपेन्सिलने लिहिलेली. पेनाची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि आमच्या हाती निळसर पाणी येतं. ठिकाण, तारीख, वेळ, पाणी वाहतं की साचलेलं, एवढं पुरे. स्पिरिट पेट घेतं, उन्हातल्या गाडीत ठेवू नका. कुरियरवाले घेत नाहीत, हातोहात आणा.

फोटो पाठवून "हे काय आहे?" विचारणाऱ्यांसाठी: फोटोवरून आम्ही गुण देत नाही. तीन शेपट्या दिसल्या की लोक मेफ्लाय म्हणतात. पण टाचणीच्या, म्हणजे चतुराच्या सडपातळ भावंडाच्या, पिल्लालाही मागे तीन असतात, फक्त त्या पानासारख्या चपट्या. ते तिचे कल्ले. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना, शेपट्या दोऱ्यासारख्या. लाल दिसलं म्हणजे लाल अळीच असंही नाही. डोकं वेगळं दिसलं तर अळी, दोन्ही टोकं सारखी दिसली तर गाळातलं गांडूळ. पाण्यावर लांब पायांनी घसरणारे किडे आणि डासांच्या अळ्या वरची हवा घेतात, पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल त्या फारसं सांगत नाहीत.

पूर ओसरून दोन आठवडे तरी जाऊ द्या. आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा काळ, त्यानंतर बरेच ओढे कोरडे पडतात. पायाने दगड ढवळताना जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा. आणि हिप्परग्याच्या तलावाचा नमुना आदिला नदीच्या वाहत्या पाण्याशी ताडून बघू नका. साचलेल्या पाण्यातली वस्ती मुळातच वेगळी असते.

"दर जास्त आहे" असंही ऐकतो. एका नमुन्यातला पालापाचोळा उपसून किडे वेचायला एका माणसाचा अर्धा दिवस जातो, मग सूक्ष्मदर्शकाखाली कुळं लावायची. रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी सांगते. रात्री कोणी टँकर रिकामा केला आणि सकाळी पाणी निवळलं, तर ती चाचणी निर्दोष येईल. पण मेलेले किडे आठवड्यात परत येत नाहीत. अर्थात पाणी पिण्याजोगं आहे का, हे किडे सांगत नाहीत. त्याला जंतूंची तपासणी लागते आणि ती आम्ही करत नाही.

स्पिरिट भरलेल्या चार बाटल्या, अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची जाळी, चिमटा आणि पेन्सिल असा संच आमच्याकडे मिळतो. तपासणी आमच्याकडेच करणार असाल तर बाटल्यांचे वेगळे पैसे घेत नाही, जाळी अनामत ठेवून नेता येते. आदल्या दिवशी सांगितलं तर तयार ठेवतो. अहवालाला आठ ते दहा दिवस धरा.

चटणीची बरणी कोणाची राहिली असेल तर घेऊन जावी. धुऊन ठेवली आहे, पण आता तिच्यात चटणी भरू नका.