फुंकायच्या टेस्टची तयारी घरातूनच

रात्री खोकणारं, धाप लागणारं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की छातीचे डॉक्टर ‘पीएफटी’, म्हणजे फुफ्फुसं कशी चालतात याची तपासणी, लिहून देतात. बहुतेक वेळा ती स्पायरोमेट्रीच, म्हणजे फुंकलेली हवा मोजणारी टेस्ट असते. त्यात सुई नाही, फक्त नळीत फुंकायचं. पण रडणाऱ्या मुलाचं रक्त काढता येतं. फुंकून मात्र त्याचं त्यालाच दाखवावं लागतं.

आधी औषधांचं बघा. सालब्युटॅमॉलचा पंप साधारण ४ ते ६ तास आधी थांबवतात, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असलेला २४ तास. कोणता आणि कधी, हे डॉक्टरांनाच विचारा. मध्येच दम लागला तर सरळ पंप द्या, टेस्ट पुढे ढकलता येते. सर्दी-ताप असेल तरीही पुढेच ढकला. दोन तास आधीपासून भरपेट जेवण नको.

सराव घरी करा. जाड कागदाची अंगठ्याहून जाड नळी करा. ती दातांत धरायची, ओठ गच्च मिटायचे, जीभ नळीखाली. छाती पूर्ण भरून एकदम जोरात फुंकायचं आणि हवा संपेपर्यंत थांबायचं नाही. समोर कागदाची पट्टी लटकवा. ती शेवटपर्यंत उचललेली राहायला हवी. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतलं भिरभिरं पहिल्या झटक्यासाठी बरं, पिपाणी मात्र नको. तिच्यामुळे ओठ आवळून फुंकायची सवय लागते. दोन-तीनदा झालं की थांबा, नाहीतर चक्कर येते. नाकाला चिमटा लागणार, तोही खेळात लावून बघा.

बिघडतं ते बहुधा इथेच: श्वास अर्धाच घेतलेला, पहिल्याच सेकंदात खोकला, नळीच्या कडेनं हवा सुटलेली. निदान तीन चांगल्या फुंकरा लागतात. सहा वर्षांवरच्या मुलांत सर्वांत चांगल्या दोहोंतल्या हवेत १५० मिलीहून जास्त फरक चालत नाही. मग स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यातून) सालब्युटॅमॉलचे, सहसा १०० मायक्रोग्रॅमचे ४ पफ, १०-१५ मिनिटं थांबणं आणि औषधानं फरक पडतो का ते बघायला पुन्हा फुंकणं. तासभर हाताशी ठेवाच.

अपेक्षित आकडा उंची, वय आणि मुलगा की मुलगी यावरून काढतात. म्हणून उंची चप्पल काढून मोजतात. डोक्यावर उंच बांधलेली शेंडीही सोडा.

सोलापूरच्या पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. टेक्निशियन मराठीत ‘फुंक, फुंक, अजून!’ ओरडला तर मूल बावरतं. आईला शेजारी उभं राहून घरच्या भाषेत ओरडू द्या, असं आधीच सांगून ठेवा.