अनुदानाची यादी वेगळी, विम्याचा हिशोब वेगळा

सोयाबीन पाण्यात गेलं की दिवाळीच्या आसपास पानठेल्यावर एकच विषय, "तुह्या खात्यात आले का?" शेजाऱ्याले आले अन आपल्याले नाई म्हणजे तलाठ्यानं खाल्ले, असा निकाल तिथंच लागते. पण शेजाऱ्याले आले ते अनुदानाचे का विम्याचे हे कोणी विचारतच नाई, अन मग विम्यासाठी तलाठ्याशी अन अनुदानासाठी विमावाल्याशी भांडणं चालू.

अतिवृष्टीचं अनुदान म्हणजे सरकारी तिजोरीतली मदत, तुम्ही त्यासाठी एक रुपया भरलेला नसते. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनामा करतात, नुकसान 33 टक्के किंवा वर दिसलं की नाव यादीत. केंद्राचा 2025-26 पर्यंतचा दर कोरडवाहूले हेक्टरी 8500, बागायतीले 17000, संत्र्यासारख्या बागेले 22500, तेही 2 हेक्टरपर्यंत. राज्य कधी दर वाढवते, कधी मर्यादा 3 हेक्टर करते, म्हणून त्या वर्षीचा जीआर पाहा, मागच्या वर्षीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

पीक विमा हा सरळ करार. हप्ता भरला तरच नाव. मधात 2023 पासून एक रुपयात होता, पण त्यात बोगस अर्ज लय निघाले, सरकारी जमिनीवरही लोकायनं विमा काढला होता बाप्पा, अन 2025 च्या खरिपापासून ते बंद. आता सोयाबीनले विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत अन पऱ्हाटीले 5 टक्क्यांपर्यंत हप्ता. त्याच खरिपात नुकसान झाल्यावर 72 तासांत कळवायची भानगडही गेली, सगळं आलं पीक कापणी प्रयोगावर (निवडक वावरातलं पीक कापून उत्पादन मोजतात ते), म्हणजे महसूल मंडळात त्या पिकाचं सरासरी उत्पादन ठरवलेल्या उंबरठ्याच्या खाली गेलं तर तिथल्या सगळ्या विमाधारकांले पैसे, नाई गेलं तर तुमच्या एकट्याच्या वावराचं तळं झालं तरी शून्य. पंचनाम्याचा कागद तिथं कामाचा नाई.

आता मुद्दा यादीचा. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 4(1)(ख), त्यातला 12 वा मुद्दा वाचा: अनुदान कार्यक्रमाची रक्कम अन लाभार्थ्यांचा तपशील सरकारनं स्वतःहून जाहीर करायचा आहे, कोणी मागायची वाट न पाहता. पण आमच्याइकडे लागते ती फक्त विशिष्ट क्रमांकाची (लाभार्थ्याले दिलेल्या नंबरची) यादी, केवायसी म्हणजे ओळख पडताळणी करून घ्या म्हणून. मले विचाराल तर नावासोबत गट नंबर अन धरलेलं क्षेत्र पाहिजेच, कारण नुसत्या नावावरून काहीच पकडता येत नाई. गावातल्या माणसाले पक्कं माहीत असते की अमक्याच्या नावावर एकर नाई अन 2 हेक्टरचे पैसे कसे आले. 2025 मध्ये जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीचा अनुदान घोटाळा उघड झाला, जमीन नसलेल्यांच्या नावावरही पैसे उचललेले. अशी यादी चावडीवर टांगलेली असती तर हे किती दिवस टिकलं असतं?

ऑफिसवाले आजकाल म्हणतात "ही खासगी माहिती आहे". 2023 च्या डेटा कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(जे), म्हणजे खासगी माहिती नाकारायचं कलम, आवळलं हे खरं, पण कलम 4 जागेवरच आहे अन 8(2) खाली जनहितासाठी माहिती देता येते. आधार अन खाते नंबर कोणी मागतही नाई अन मागूही नये.

विम्यात मात्र नावं मागून फारसं हाती लागत नाई. तिथं पैसे ठरतात आकड्यावर, म्हणून आकडा मागा: आपल्या मंडळातले पीक कापणी प्रयोग कोणत्या गावात, कोणत्या वावरात झाले, किती उत्पादन निघालं अन उंबरठा किती धरला (तो मागच्या 7 पैकी चांगल्या 5 वर्षांच्या सरासरीवरून काढतात). "कंपनी प्रायव्हेट आहे" हे ऐकून परत फिरू नका, हप्त्याचा मोठा वाटा राज्य अन केंद्र सरकारच भरते, अन प्रयोगाची माहिती कृषी खात्याजवळ असते.

माहिती अधिकाराचा अर्ज अनुदानासाठी तहसीलमध्ये, विम्यासाठी तालुका कृषी कार्यालयात, दोन्हीले 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवसांत उत्तर नाई आलं तर पहिलं अपील. अन अर्जात नुसतं "यादी द्यावी" लिहू नका, गाव, हंगाम अन जीआरची तारीख टाका, नाईतर "माहिती सुस्पष्ट नाही" असा शेरा मारून कागद परत येते.