कुळशोध (गोमंतकातील)

कुळशोध : जुनी पत्रे, चर्च व देवस्थानांच्या वह्या, जमिनीचे कागद आणि घरात तोंडी चालत आलेल्या हकिगती यांच्या आधारे घराण्याचे मूळ गाव व पिढ्यांचा क्रम लावण्याची पद्धत. वंशावळ हे तिचे फलित. गोव्यात ‘कूळ’ म्हणजे रोजच्या व्यवहारात दुसऱ्याची जमीन कसणारा. त्यामुळे मामलेदार कचेरीत कोणी ‘आमचे कूळ शोधायचे आहे’ म्हणाला, तर त्याच्यासमोर कूळ-मुंडकारांचीच (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) दप्तरे येण्याचा संभव अधिक. बोलताना म्हणूनच ‘घराणे’, ‘मूळ गाव’ किंवा ‘वांगड’ (गावकरांचा गट) हे शब्द योजतात. महाराष्ट्रातील कुलवृत्तांतांची मांडणी बहुधा आडनावाभोवती असते. गोव्यात आडनाव हाच सर्वांत कच्चा धागा ठरतो. गाव, वांगड आणि कुलदेवता हे तीन धागे त्या मानाने पक्के आहेत.

उगमकथा : सारस्वत घराण्यांच्या बहुतेक वंशावळी स्कंदपुराणाचा भाग मानल्या जाणाऱ्या सह्याद्रिखंडापासून सुरू होतात. परशुरामाने त्रिहोत्राहून दहा गोत्रांचे ब्राह्मण आणून कुशस्थळी, केळशी, मठग्राम (मडगाव), वरेण्य (वेर्णे), लोटली इत्यादी ठिकाणी वसवले, अशी ही कथा. या ग्रंथाची मुद्रित संहिता जुझे जेर्सन द कुन्य या मूळच्या गोमंतकीय पंडिताने १८७७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केली. त्याआधी ती हस्तलिखितांतून फिरत होती आणि पाठांत मोठी तफावत होती. कथेतील सहासष्ट कुळांवरून सासष्टी (षट्षष्टी) आणि तीस कुळांवरून तिसवाडी ही नावे आली, दोन्ही मिळून शहाण्णव कुळे झाली, असे परंपरा सांगते. हे आकडे कुळांचे नसून गावांचे असावेत, महसुली विभागणीवरून प्रदेशांना ही नावे पडली आणि कुळांची कथा मागाहून त्यांवर बेतली गेली, असे दुसरे मत आहे. तिसवाडीतील ‘वाडी’ हे पद वस्तीवाचक असल्याने निदान त्या नावापुरते दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्रिहोत्र म्हणजे तिरहुत, की सरस्वतीकाठचा एखादा प्रदेश, यावरही एकमत नाही. सह्याद्रिखंड एका हातचे वा एका काळचे नाही आणि त्यातील ज्ञातिवर्णने पुष्कळ उत्तरकालीन असावीत, याकडे अभ्यासकांचा सर्वसाधारण कल आहे. काही ज्ञातींची त्यात केलेली निंदा पाहता लिहिणारे तटस्थ नव्हते, हे उघड आहे. घराण्याच्या इतिहासाचे साधन म्हणून हा ग्रंथ वापरताना त्यातून फार तर गावांची यादी घ्यावी. पिढ्या घेऊ नयेत.

आडनावांचा प्रश्न : पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी आणि १५४३ मध्ये बार्देश व सासष्टी घेतली. या ‘जुन्या काबिजादी’त सोळाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्त्याला धर्मपित्याचे, पाद्र्याचे किंवा एखाद्या अधिकाऱ्याचे आडनाव मिळे. दोघा सख्ख्या भावांचा बाप्तिस्मा निरनिराळ्या दिवशी झाला, तर एक फेर्नांडिस आणि दुसरा परेरा होऊ शकत असे. उलट एकाच दिवशी एकाच पाद्र्याच्या हातून बाप्तिस्मा घेतलेल्या, एरवी काही नाते नसलेल्या घरांना एकच आडनाव लागे. त्यामुळे आडनाव सारखे म्हणून भाऊबंद आणि वेगळे म्हणून परके, हा तर्क जुन्या काबिजादीत चालत नाही. कित्येक ख्रिस्ती घरांत ‘आम्ही मूळचे प्रभू’, ‘मूळचे कामत’ अशी आठवण आजही सांगितली जाते.

हिंदू नावांची अडचण निराळी आहे. पोर्तुगीज लेखनिकाने कानावर पडले तसे रोमन लिपीत उतरवल्याने शेणैचे ‘सिनाई’, प्रभूचे ‘पोरोब’, कामतीचे ‘कामोतीं’, भटाचे ‘बोतो’ झाले. ‘श’साठी रोमन ‘एक्स’ हे अक्षर वापरत. इंग्रजी वळणाने वाचणाऱ्याला शांताराम, शंकर ही नावे ओळखूच येत नाहीत. त्यात १९११ च्या सुधारणेने पोर्तुगीज शुद्धलेखनच बदलले. त्यामुळे आजोबा, बाप आणि नातू यांची आडनावे एकच असून तीन प्रकारे लिहिलेली सापडतात. गावाच्या नावाला ‘-कर’ जोडून झालेले आडनाव बहुधा गाव सोडल्यानंतरचे असते. गावात राहणाऱ्याला त्याच गावाचे नाव लावून ओळखण्याचे कारण नसते. मडगावकर म्हणजे मडगावाहून गेलेला. मात्र कुटुंब दोनदा हलले असेल, तर आडनाव मधल्या मुक्कामाचे असू शकते.

गावकरी आणि वांगड : मूळ वसाहतकारांच्या वंशजांनी गावची जमीन सामाईक धरण्याच्या पद्धतीला गावकरी व पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव पडले. तिच्या रूढी अफोंसु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या १५२६ च्या सनदेत (‘फोराल’) प्रथम लेखी आल्या. तिचा रोख तिसवाडीवर आहे. गावकरांचे गट म्हणजे वांगड. गावसभेत बसण्याचा, देवळात मानाचा आणि उत्पन्नाचा वाटा घेण्याचा क्रम वांगडांनुसार ठरे. प्रत्येक पात्र पुरुषाला मिळणाऱ्या वाट्याला जण (बोलीत ‘जोण’) म्हणतात. ठरावीक वयाचा झाल्यावर मुलाचे नाव वहीत चढे. हे वय गावागणिक वेगळे असे. धर्मांतरानंतरही जण चालू राहिल्याने गावकरीच्या वह्यांत एकाच वांगडाखाली जुनी हिंदू नावे आणि नंतरची ख्रिस्ती नावे क्रमाने मिळू शकतात. आडनावाने तुटलेली साखळी जोडण्याचे याहून चांगले साधन गोव्यात नाही.

वांगड ही एका मूळ पुरुषाची संतती, की जमीन व मान वाटून घेण्यासाठी पडलेला गट, हा वादाचा मुद्दा आहे. गावकार पहिले मत धरतात. मूळपुरुष किंवा ग्रामपुरुष म्हणून देवळाच्या आवारात पुजले जाणारे दैवत त्याला दुजोरा देते. पण एकाच वांगडात भिन्न गोत्रांची घरे असल्याची आणि एखादे वांगड नष्ट झाल्यावर त्याचा हक्क दुसऱ्याकडे गेल्याची उदाहरणे दाखवली जातात. फिलीप नेरी शाव्हिएर यांनी १८५२ मध्ये कोमुनिदादींचा जो ऐतिहासिक आढावा प्रसिद्ध केला, तो या विषयावरील बहुतेक नंतरच्या लेखनाचा पाया आहे. त्यात कायदेशीर बाजूवर भर असून रक्तसंबंधाचा प्रश्न गौण आहे. वांगड हा वंशाचा पुरावा नसून वंशाचा दावा आहे, असे धरून चालणे सुरक्षित. वह्यांची दुसरी उणीव म्हणजे त्यांत स्त्रिया नाहीत : जण पुरुषाचा असल्याने मुली आणि सुना वहीबाहेर राहतात.

कुंकळ्ळीच्या बारा वांगडांचे उदाहरण बोलके आहे. तेथील शांतादुर्गा फातर्प्याला नेल्यानंतरही तिच्या छत्रोत्सवात मिरवणूक कुंकळ्ळीला परतते आणि बारा छत्र्या बारा वांगडांच्या म्हणून नाचवल्या जातात. त्या वांगडांतील ख्रिस्ती घरांचा मानही त्यात सांभाळला जातो. येथे नोंदवही मागायची गरज पडत नाही. कोणाची छत्री कोणती, हे पोरासोरांना ठाऊक असते.

कुलदेवता : सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या काबिजादीतील देवता नदीपलीकडे हलवल्या गेल्या : कुठ्ठाळीचा (कुशस्थळी) मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, मडगावचा दामोदर जांबावलीला. कारवार, मंगळूर, कोची वा मुंबईकडे गेलेल्या घराण्याला गाव आठवत नसले, तरी कुलदेवता बहुधा आठवते. देवतेवरून स्थलांतरापूर्वीचे क्षेत्र आणि क्षेत्रावरून मूळ गाव, असा माग काढता येतो. देवस्थानांच्या महाजनांच्या (हक्कदार सभासदांच्या) याद्या १९३३ च्या माझन कायद्यानंतर अधिक पद्धतशीर झाल्या. त्याही प्रामुख्याने पुरुषांच्याच. स्मार्तांचा कवळे मठ आणि वैष्णवांचा पर्तगाळी मठ यांपैकी कोणत्या मठाचे अनुयायी, यावरूनही शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते. कुलदेवताच विसरलेली घराणी देवाला कौल लावून, म्हणजे मूर्तीला फुले वा पाकळ्या चिकटवून डावी-उजवी पाहून, उत्तर घेतात. पुरावा म्हणून त्याला किंमत नाही. पण छापील कुलवृत्तात ते उत्तर पुष्कळदा निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून उतरते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

चर्च व सरकारी नोंदी : त्रेंत येथील धर्मपरिषदेने (१५६३) पाद्र्यांना बाप्तिस्मा व विवाहाच्या वह्या ठेवणे बंधनकारक केले. गोव्यात टिकलेल्या वह्या बहुतांशी त्यानंतर पुष्कळ उशिराच्या आहेत. दमट हवा आणि वाळवी ही नेहमीची कारणे. शिवाय लोहयुक्त शाई कागदच खाते, त्यामुळे ओळीच्या जागी ओळीच्या आकाराची भोके उरतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे व आईबापांचे नाव आणि धर्ममातापिता असतात. यांतील शेवटची दोन नावे वाचक सोडून देतो, वास्तविक मामा, काका, शेजारी यांचा पत्ता तीच देतात.

पोर्तुगीज नागरी संहिता (१८६७) गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू झाली. वारसा-निवाड्याच्या ‘इन्व्हेंतारिय’ या कारवाईत मृताचे सर्व वारस आणि सर्व मालमत्ता यांची यादी कोर्टासमोर येते. मुलींनाही वारसा असल्याने गावकरीच्या वहीत न दिसणाऱ्या बहिणी, आत्या आणि त्यांचे नवरे येथे नावानिशी भेटतात. लग्नानंतर नाव पालटलेल्या हिंदू सुनेची दोन्ही नावे ‘ऊर्फ’ या अर्थाच्या ‘आलियास’ शब्दाने जोडलेली मिळतात. कोणत्या आंब्याखालची कोणती भाट (बागायत) कोणाकडे गेली, इतका तपशील कधी कधी असतो. नागरी जन्म-मृत्यू नोंदणीची सार्वत्रिक पद्धत १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतरची. त्याआधीच्या हिंदू जन्मांचा लेखी पुरावा घरातील पत्रिका हाच राहतो.

पणजीचे पुराभिलेखागार आपली परंपरा १५९५ पासून सांगते. दियोगु द कोतु हा त्याचा पहिला रक्षक. विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तेथील पोर्तुगीज व मराठी साधने अभ्यासकांसमोर आणली. गोव्यातील सगळे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत हा समज खरा नाही. मोडीतील कागदांखेरीज कन्नड वळणाच्या गोंयकानडी लिपीतही गावकरीची दप्तरे आहेत, आणि ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. फोंडा, सांगे, केपे, पेडणे, डिचोली, सत्तरी या अठराव्या शतकात मिळवलेल्या ‘नव्या काबिजादी’त सौंदेकर आणि सावंतवाडीकर या राजांच्या सनदा, तसेच देसाई-सरदेसायांची वतने, यांवर भिस्त ठेवावी लागते.

पत्रे : हिंदू घरांतील पत्रव्यवहार मुख्यतः मराठीत, आधी मोडी आणि मग बाळबोध लिपीत. मजकुरापेक्षा मायना अधिक सांगतो. शिरोभागी ‘श्री मंगेश प्रसन्न’ असले की कुलदेवता कळते. ‘ती. रू.’ हे वडीलधाऱ्याला, ‘चि.’ लहानाला, ‘सौ.’ सवाष्णीला, त्याच बाईच्या नावामागे पुढच्या पत्रात ‘गं. भा.’ आले, तर मधल्या काळात नवरा वारला हे निश्चित होते, मग मृत्यूची नोंद कुठे असो वा नसो. मृत्यूचे पत्र वाचून फाडून टाकण्याचा प्रघात असल्याने ज्या पत्रात नेमकी तारीख असायची, तेच बहुधा पेटीत नसते. कालगणनेत घोटाळा होतो तो असा : ‘शके १८०२, पौष वद्य’ ही मिती १८८० ची नसून जानेवारी १८८१ ची आहे; शकात सरसकट ७८ मिळवणारा वर्षाने चुकतो. शक न देता नुसते ‘विक्रमनाम संवत्सर’ लिहिले असेल, तर तेच नाव साठ वर्षांनी परत येत असल्याने पत्र १८२० चे की १८८० चे, हे कागद व हस्ताक्षरावरून ठरवावे लागते. मुंबईतील कुडांतून (गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांतून), कराचीहून किंवा पूर्व आफ्रिकेतून आलेली ख्रिस्ती घरांची पत्रे रोमन लिपीतील कोंकणीत आहेत. त्यांतील टोपणनावे गावाबाहेरच्याला उलगडत नाहीत.

मौखिक परंपरा : म्हाळाच्या दिवशी भटजी संकल्पात बाप, आजा, पणजा ही नावे वसू, रुद्र, आदित्य या रूपांत घेतो आणि आई, आजी, पणजी यांचीही घेतो. जिथे यजमान अडखळतो, ती जागा वंशावळीची खरी हद्द. पणज्यामागचे नाव लेखी आधारावाचून क्वचितच शिल्लक राहते. ‘रात्रीत देव डोक्यावर घेऊन नदी ओलांडली’ ही कथा अनेक घराण्यांत जवळजवळ एकाच शब्दांत सांगतात; स्थलांतराचा गाभा त्यात खरा असला, तरी ती त्याच घराण्याची आठवण मानण्याचे कारण नाही. गावडे, कुणबी यांच्याविषयीची लेखी साधने विरळ आहेत. या समाजांची परंपरा मांडाशी (गावातील सामाईक पवित्र जागेशी) आणि धालो व जागर या लोकोत्सवांतील गीतांशी जोडलेली असते. देवळांशी बांधलेल्या कलावंत व भाविणींच्या घरांत वंश आईकडून चाले. बापाच्या नावावर बेतलेल्या नोंदवहीत त्यांची जागा बहुधा रिकामीच असते.

सांप्रत : १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येत असल्याने आजोबांचा जन्मदाखला शोधणाऱ्यांची संख्या वाढली. हा शोध दोन पिढ्यांपुरताच असतो. त्यात मुख्य अडचण नावाच्या लिखाणाची : बाप्तिस्म्याच्या वहीत एक, शाळेच्या दाखल्यात दुसरे, पासपोर्टात तिसरे. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते, किंवा गोव्याच्या १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याखाली अर्ज करावा लागतो.