खरकटं, सालं आणि उरलेला भात : हॉटेल, खानावळ, मेस व मंगल कार्यालयांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

सोलापुरातल्या खाण्यापिण्याच्या व्यवसायांचा ओला कचरा उचलायचा आणि त्याचं खत करायचं, हे आमचं काम. आमचे पैसे वजनावर ठरतात. तरीही पहिली विनंती हीच की आमच्या गाडीत कमीत कमी द्या. धान्य, गॅस, उजनीहून आलेलं पाणी आणि आचाऱ्याची मेहनत ज्या भातात गेली, त्याचं खत करणं हा शेवटचा उपाय आहे.

आधी वजन करा

आठवडाभर तीन बादल्या ठेवा. एकीत सालं-देठं, दुसरीत पातेल्यात उरलेलं, तिसरीत ताटातलं खरकटं. रात्री बंद करताना काट्यावर ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहा. कोणती बादली जड आहे ते कळलं की उपाय आपोआप दिसायला लागतो.

ताटातली बादली जड असेल तर वाढण्याकडे बघा. आपल्याकडे भात येतो भाकरीनंतर, म्हणजे गिऱ्हाइकाचं पोट भरत आलेलं असताना, आणि तेव्हाच वाढपी सगळ्यात मोठी मूद घालतो. आधी अर्धी मूद वाढावी, मग विचारून पुन्हा. रश्श्याचंही तसंच. वाटी लहान ठेवा, दुसऱ्यांदा आनंदाने द्या. यात कोणी उपाशी उठत नाही.

पातेल्यातली बादली जड असेल तर अंदाज चुकतोय. वार आणि ताटांची संख्या लिहून ठेवा. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आणि लग्नसराई वेगळ्या रंगात लिहा. भात-भाजी एकदम न करता दोन घाण्यांत करा. भाकरीच्या बाबतीत तर उत्तर आपल्याच भागात तयार आहे. गर्दीत कमी पडेल म्हणून मऊ भाकऱ्या थापून ठेवण्यापेक्षा कडक भाकरीचा साठा ठेवा. ती दिवसेंदिवस टिकते, रश्श्यात कुस्करून आवडीने खाल्ली जाते आणि रात्री फेकावी लागत नाही.

मंगल कार्यालयांचा प्रश्न मोठा आहे, कारण तिथे पाहुण्यांचा आकडा यजमान सांगतात आणि कमी पडण्याची धास्ती केटररला असते. मुहूर्ताच्या दोन दिवस आधी दोघांनी एकत्र बसून आकडा पुन्हा ठरवावा. अक्षता पडल्यावर मांडवातली माणसं बघून शेवटचा घाणा टाकावा. बुफेला लहान ताटल्या ठेवाव्यात.

उरलंच तर

ज्याला हात लागलेला नाही असं अन्न माणसांच्या पोटात जायला हवं. जादा अन्नाच्या वाटपासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2019 चे नियम आहेत. व्यवहारात इतकं पाळा : गरम अन्न 60 अंशांच्या वर किंवा फ्रिजमध्ये 5 अंशांच्या खाली, या दोन्हींच्या मधे दोन तासांपेक्षा जास्त नाही. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात तर त्याहूनही लवकर हलवा. डब्यावर पदार्थाचं नाव आणि शिजवल्याची वेळ लिहा. उघड्यावर तासन्‌तास राहिलेलं अन्न कुणाला देऊ नका.

आणि गाईम्हशींबद्दल कळकळीने सांगायचं आहे. उरलेला भात किंवा पोळ्या पातेलंभर गाईपुढे ओतणं पुण्याचं वाटतं, पण एकदम जास्त धान्य गेलं की तिच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि जनावर दगावूही शकतं. पिशवीत बांधून फेकलेलं अन्न पिशवीसकट पोटात जातं, ते वेगळंच. सालं, पाला, हुरड्याची निसलेली कणसं जनावरांना चालतात. शिजवलेला भात नको.

खत कसं होतं

ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, सुक्या काडीकचऱ्यात कर्ब जास्त. खत नीट व्हायला एका भाग नत्रामागे साधारण 25 ते 30 भाग कर्ब लागतो. सोलापुरात याची चणचण नाही. शेंगाचटणीवाल्यांकडची टरफलं, कडब्याची कुट्टी, उसाचं पाचट हे सगळं आम्ही वापरतो. टरफलं विशेष चांगली, कारण ती ढिगात हवा खेळती ठेवतात.

योग्य मिसळलेला ढीग काही दिवसांत 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. मग तो पुन्हापुन्हा उलटायचा. मूठभर घेऊन घट्ट दाबलं की पाण्याचे एक-दोन थेंब यावेत; धार लागली तर टरफलं घाला, कोरडं वाटलं तर पाणी शिंपडा. इथल्या कोरड्या हवेत ढीग वरून फार लवकर सुकतो, म्हणून सावली आणि वर ओलं गोणपाट हवंच. घाण वास आला तर आत हवा पोहोचत नाही असं समजा. 100 किलो ओल्या कचऱ्याचं साधारण 20 ते 25 किलो खत मिळतं. कच्चं खत मुळांना जाळतं, म्हणून ढीग थंड होऊन मातीसारखा वास येईपर्यंत आम्ही ते देत नाही.

हाच कचरा डेपोवर दाबून पडला की हवेवाचून कुजतो आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी दिवसाला 100 किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक ठरवलं. पण कचरा वेगळा करणं लहान टपरीलाही चुकत नाही.

आमच्या डब्यात काय टाकावं

सालं, देठं, चहाचा चोथा, खरकटं, पानांच्या पत्रावळी. रस्सा गाळून मगच टाका. हाडं वेगळ्या डब्यात. दुधाच्या पिशव्या, चटणीचे पाऊच, चकचकीत अस्तराचे कागदी द्रोण अजिबात नकोत. एक पाऊच ढिगात फाटला की त्याचे तुकडे शेतापर्यंत जातात.

तळणाचं जुनं तेल डब्यातही नको आणि मोरीतही नको. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी खराब द्रव्यं (ध्रुवीय संयुगं) 25 टक्क्यांपुढे गेली की ते खाण्यासाठी वापरायला 2018 पासून मनाई आहे. वेगळ्या कॅनमध्ये साठवून बायोडिझेलसाठी तेल घेणाऱ्या अधिकृत संकलकाला द्या.

नव्या ग्राहकांकडे डबे ठेवण्याआधी आम्ही तीन बादल्यांचा आठवडा करून घेतो. काटा नसेल तर आमचा आणतो. उन्हाळ्यात गाडी सकाळी लवकर येते, तेव्हा रात्रीचे डबे झाकण लावून सावलीत ठेवावेत. तयार खतातला तुमचा वाटा कुंड्यांसाठी, शेतासाठी हवा असेल तर आधी सांगा, बाजूला काढून ठेवू.